यंत्र क

फळ्यावरच्या शेवटच्या आकड्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या आणि खडू खाली ठेवला.

"मग निष्कर्ष काय?" सरांनी मागच्या बाकावरून विचारलं. मुलं फळ्यावर गणित सोडवू लागली की ते हौसेनं त्यांच्यातच जाऊन बसत.

"यंत्र क आत्ता बदलू नये. आणखी तीन वर्षं चालवावं."

"का?"

"नवं घेतलं तर सगळा खर्च आज अंगावर पडतो. जुन्याचा खर्च पुढे पडतो, आणि पुढचा खर्च आजच्या भावात कमी होतो. दुरुस्तीचा, काम बंद पडण्याचा. अपघाताचासुद्धा."

"ऐकलंत?" सर वर्गाला म्हणाले. "जितका उशीर, तितकं स्वस्त. लग्न सोडून सगळ्याला लागू."

वर्ग हसला. तीही हसली. यंत्रं जोडायला शिकणारी ही मुलं व्यवसाय गणिताला सावत्र विषय मानत, पास होण्यापुरता जवळ करायचा. तिला मात्र त्याची गोडी लागली होती. सर दर शनिवारी एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीतून शिकवायला येत आणि तिथलीच खरी उदाहरणं देत. त्या कंपनीचे बरेच कारखाने होते. त्यातल्याच लोखंड वितळवून ओतणाऱ्या एका फाउंड्रीत तिचे बाबा क्रेन चालवत, पण हे तिनं सरांना कधी सांगितलं नव्हतं. वशिला लावतेय असं वाटायला नको.

"सर, पण यंत्र क म्हणजे नक्की काय?" चष्मेवाल्या एका मुलानं विचारलं.

"त्यानं काय फरक पडतो? बॉयलर असो नाहीतर पिठाची गिरणी. हिशोबाला नाव लागत नाही." सर तिच्याकडे वळले. "अपघाताची शक्यता एवढी कमी कशी धरलीस?"

"तुम्ही दिलेल्या नोंदींवरून. इतक्या वर्षांत या यंत्राची एकही तक्रार नाही."

"गुणी यंत्र," सर म्हणाले.

तास संपल्यावर त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. गेल्या शनिवारी तिनं वहीत करून दिलेली हीच मांडणी त्यांनी जशीच्या तशी वर दाखवली होती आणि बैठकीत ती मंजूरही झाली होती. "सुट्टीत आमच्याकडे शिकाऊ म्हणून ये. मी शब्द टाकतो," ते म्हणाले. घरी पोहोचेपर्यंत तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

बाबा दिवसपाळी करून आले होते. दोघं जेवायला बसली. आई गेल्यापासून जेवताना बोलायचं काम तिचंच असे, पण आज बाबाच आधी बोलले.

"आमची नवी क्रेन रद्द झाली."

"कुणी केली?"

"वरच्या कचेरीत कुणीतरी हिशोब मांडला म्हणे. हुशार माणूस दिसतोय. म्हातारीला अजून तीन वर्षं ओढायचं."

घास तिच्या हातातच राहिला. म्हातारी म्हणजे बाबांची क्रेन. आई तिला सवत म्हणायची. छताखालच्या त्या केबिनमध्ये बसून बाबा तापलेल्या लोखंडाच्या रसानं भरलेली बादली या टोकाकडून त्या टोकाला नेत, आणि खाली माणसं काम करत.

"ब्रेक बरा आहे ना तिचा?"

"छे. रोज घसरते. भरलेली बादली थांबवली की आधी वीतभर खाली यायची, आता हातभर येते. पण मला आधीच कळतं. उलटा झटका दिला की थांबते."

"मग तुम्ही ते लिहून देत नाही?"

बाबा हसले. "लिहिलं की चौकशी. चौकशी म्हणजे पाळी बंद, खालच्यांचा भत्ता बुडाला. इतक्या वर्षांत आपल्या नावावर एक तक्रार नाही. सांभाळून घ्यायचं असतं, पोरी."

नोंदी कोऱ्या होत्या त्या बाबांच्या हातामुळे, आणि तो हात तिनं यंत्राचा गुण म्हणून धरला होता.

"तो हिशोब मी मांडलाय, बाबा."

"तू?" त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुकच आलं. ते बघून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"उद्यापासून लिहा. प्रत्येक वेळी लिहा."

"आता निवृत्तीच्या तोंडावर? म्हणतील, म्हाताऱ्याचा हात कापायला लागला. मला उतरवलं तर वर कोण बसणार? माझ्या हाताखालचा दाढीवाला शिकतोय अजून. परवा त्याच्या हातून बादली पार माणसांच्या डोक्यापर्यंत आली. मी शेजारी होतो म्हणून..." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

ती उठली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं सरांना फोन लावला.

"सर, यंत्र क म्हणजे फाउंड्रीतली क्रेन का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिचा ब्रेक घसरतो, सर. रोज. माझी शक्यता चुकलीय. ती मंजुरी थांबवा."

"नोंद कुठाय?"

"नोंद नाही. चालवणारा सांभाळून घेतो."

"हे कोण म्हणतंय?"

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "माझे बाबा. तेच चालवतात ती."

सरांचा आवाज मऊ झाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "अगं, आधी सांगायचंस ना. काळजी करू नकोस. उद्यापासून त्यांना खाली गोदामात घेतो. पगार तोच. माझा शब्द."

"आणि क्रेन?"

"मंजुरी झालीय गं. नोंदीशिवाय ती कशी फिरवणार? उलट बरंच झालं, आता नवा माणूस बसेल, तो नियमानं सगळं लिहील. पुढच्या वर्षी आकडे आले की बघू."

बाबा उद्यापासून खाली असणार होते. एवढंच तिला ऐकू आलं. इतकं हलकं वाटलं की ती भिंतीला टेकली.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

आत आल्यावर तिनं बाबांना सांगितलं. गोदाम, पगार तोच.

"आणि वर?"

ती पुन्हा आपल्या ताटावर बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग अर्ध्या ताटावरून उठून हात धुतले, आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"दाढीवाल्याकडे. उलटा झटका नेमका कधी द्यायचा, ते तोंडी सांगून कळतं का बघतो."