टँकरभर विरजण

छोट्याने पन्नाशी ओलांडली होती आणि डोक्यावरचे केसही बरेचसे निरोप घेऊन गेले होते, पण ताईचा धाकटा भाऊ म्हणून तो छोट्याच राहिला. वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट तो चालवायचा. घाण खाऊन पाणी साफ करतात ते टाकीतल्या गाळातले सूक्ष्म जीव, आपण फक्त त्यांना हवा पुरवायची, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. आणि याच शहाण्याने, सोमवारी तपासणी आहे म्हणून, टाकीवरचा फेस घालवायला ब्लीचिंग पावडरीचं अख्खं पोतं आत रिकामं केलं. फेस गेला. त्याबरोबर जीवही गेले.

सकाळी त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. एरवी तिथे नुसती पळापळ असायची. आज एक जण हलेल तर शपथ. येणारं सांडपाणी त्याने साठवण टाकीत अडवून ठेवलं, पण ती रविवारपर्यंत तुडुंब भरली असती आणि मग सगळं तसंच ओढ्यात गेलं असतं. त्या ओढ्यात वसाहतीतली पोरं डुंबायची.

"दही नासलं की आपण शेजारून विरजण आणतो," बायको म्हणाली. "तसं काही नाही का तुमच्यात?"

"आहे की. पण टँकरभर जिवंत गाळ लागेल. आणि तो फक्त ताईकडे आहे."

"मग जा."

"कोणत्या तोंडाने?"

ओढ्यापलीकडचा प्लांट ताई चालवायची. मागच्या वर्षी ऑपरेटरांच्या मेळाव्यात छोट्याने माइकवरून विनोद केला होता की, ताईच्या टाकीतला गाळ म्हणजे नुसता चिखल, त्यातले जीव कामाला नाही, विश्रांतीला आलेत. सगळे पोट धरून हसले. ताई तडक उठून गेली आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

शेवटी तो गेला. ताई टाकीच्या कठड्यावर पाण्याची नळी मारत उभी होती.

"वाट चुकलास वाटतं?"

"ताई, थोडा गाळ देतेस?"

"माझ्याकडे कुठला गाळ? नुसता चिखल आहे."

छोट्याने मान खाली घातली. "चुकलं माझं. आणि आता तर मी टाकीत ब्लीचिंग ओतलंय."

"तू? ब्लीचिंग?" ताईच्या हातातली नळी सुटली. ती इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मग डोळे पुसून तिने टँकरवाल्याला हाक मारली.

टँकर भरेपर्यंत छोट्याने तिच्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघितला. "काय जोमदार आहेत गं! आणलेस कुठून?"

ताईने खाली पडलेली नळी गुंडाळायला घेतली. "प्लांट सुरू केला तेव्हा माझ्या टाकीत काही धरेना. धाकट्यापुढे हात कसा पसरायचा? तू जादा गाळ टाकून द्यायला पाठवायचास ना, तुझ्या टँकरवाल्याला पटवून त्यातला एक टँकर मी इकडे वळवला."

"म्हणजे हा..."

"तुझाच चिखल. त्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं, म्हणून उठून गेले."

छोट्याचं टक्कल कानापर्यंत लाल झालं. मग त्यालाही हसू आवरेना.

आपल्या प्लांटवर परतून त्याने आधी टाकीत क्लोरीनचा अंश उरला नसल्याची खात्री केली, मगच गाळ सोडला, आणि हवा सोडणारे ब्लोअर जोरात चालू ठेवले. साठवण टाकी भरायच्या आत, रविवारी दुपारी, काचेच्या नळीत घेतलेल्या नमुन्यात गाळ तळाला बसला आणि वर पाणी नितळ झालं. छोट्याने धावत फोन लावला.

"ताई, लागले गं कामाला!"

"रुळले इतक्यात?"

"माहेरच ते त्यांचं. रुळायला कितीसा वेळ लागतो?"

"मग मला कधी बोलावतोस?" ताई म्हणाली.