गोंद लावायची वेळ

"काच नको," रंगुबाई म्हणाली आणि चित्रावर तळहात पालथा टाकून बसली.

"अहो आत्या, काचेशिवाय कशी राहील फ्रेम? धूळ बसंल. पोरं तुकडे उपटतील." दिपालीने स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवली आणि कोंडीरामकडे वळली. "दादा, तुम्ही चांगली काच लावा. रविवारी आम्ही केडगावला राहायला चाललोय. तिथं भिंतीवर लटकवलं की माझं डोकं मोकळं. रोज हे पझल आडवं आलं म्हणून पोरं मार खातात."

"काच नको म्हनलं ना."

"बघा! तीन वर्षं झाली, असंच चाललंय." दिपालीने सासूच्या खांद्यावरचा पदर नीट केला, पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली. "कामावरनं सुटले की येते न्यायला. दादांच्या कामात लुडबूड करू नका."

स्कूटी गेली. भिंगारच्या बाजारातल्या त्या अरुंद दुकानात कोंडीराम, रंगुबाई आणि भिंतीवरची माणसं उरली. वरच्या बाजूला बुद्ध, शंकर-पार्वती, लग्नातली जोडपी. खाली एकेकटे चेहरे. एकट्या माणसाचा फोटो आला की कोंडीराम खाली मान घालून विचारायचा, "वर हाराचा खिळा मारू?" त्या उत्तरावरून त्याला सगळं कळायचं.

रंगुबाईला तो ओळखत होता. बाजारात पलीकडच्या कोपऱ्याला ती मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. शुगरने डोळे गेले तरी बरेच दिवस बसत होती. बोटांनीच जुडी बांधायची, शिळं पान बोटांनीच वेगळं काढायची. मग लेक सुकन्या वारली, आणि ती बसायची थांबली.

त्याने प्लायवूडच्या तुकड्यावरची जुनी साडी सोडली. शेकडो तुकड्यांचं चित्र नीट जुळलेलं होतं. घराचा उंबरा. उंबऱ्यावर हिरव्या लुगड्यातली रंगुबाई, पुढ्यात मेथीचा ढीग, पाय अंगणात सोडलेले. आणि पायांपासून चित्राच्या कडेपर्यंत नुसतं सारवलेलं अंगण.

"सुकन्या न्हाई व्हय ह्यात?"

"फोटू तिनंच काढलाय की. मोबाईलवर. मग त्याचं हे तुकड्याचं करून आनलं. म्हनली, आई, तुज्या बोटास्नी काम ऱ्हाऊ दे." रंगुबाई हसली. "फोटू काढताना म्हनली, माजी सावली आली गं मदी, परत काढते. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. कुटं खाती का ती?"

कोंडीरामने चित्राकडे परत पाहिलं. सावली कुठेच नव्हती. अंगण लख्ख होतं. आंधळ्या बाईला काय सांगायचं, म्हणून त्याने गोंदाचा डबा उघडला.

"उलटं करून मागनं गोंद लावतो. दोन घंट्यात वाळंल."

"आता नगं." तिचा हात लगेच चित्रावर आला. बोटं अंगणाच्या तुकड्यांवरून फिरत कडेपर्यंत गेली, तिथे थांबली. "ती अजून भायेर हाय. सांजंला लावा. ती पायाशी आली की मंग."

"कोन?"

"सावली. ऊन कललं की येती. आदी हितं कडंला गार लागतं, मंग हितं, मंग हितं. दिवेलागनीला माज्या पायाशी. सुकन्या गेल्यापासनं रोज." ती मेथीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "तवा चिकटवलं म्हंजी तितंच ऱ्हाईल. नव्या घराला अंगन न्हाई. तितं तिला वाट गावायची न्हाई, कोंडीराम."

कोंडीरामने डबा झाकला. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला नाही म्हणायचं नसतं. शिवाय दुसरं काम होतं. एका गेलेल्या गुरुजींची फ्रेम संध्याकाळपर्यंत द्यायची होती. त्याने पट्टी मापली, कोपरे कापले. रंगुबाई स्टुलावर बसून पुटपुटत होती. पुटपुटण्याचं गाणं कधी झालं, ते त्याला कळलं नाही.

*सांजच्या ग पारी ऊन वसरी सोडीतं*
*माझ्या लेकीच्या आधी तिची सावली धाडीतं*

"आवाज चांगलाय की तुमचा."

"बाजारात वरडून वरडून फाटला. आदी ऐकायचा हुता."

चहा आला. कप ठेवायला तो वाकला तेव्हा चित्राच्या खालच्या कडेला काळसर डाग दिसला. दुकानाच्या छपराची सावली असेल, म्हणून त्याने चित्र आत सरकवलं. डाग सरकला, पण चित्राबरोबर. त्याने ट्यूबलाइट लावली. डाग तिथेच. कापडाने पुसला. पुसता पुसता बोटाला गारवा लागला, माठाच्या बुडाला हात लागावा तसा. शेजारचा तुकडा मात्र दुपारच्या उन्हासारखा कोमट होता.

त्याने हात मागे घेतला.

"आली का कडंला?" रंगुबाईने विचारलं.

 गुरुजींची काच बसवताना कोंडीरामच्या हातून एक बारीक खिळा घसरला आणि जमिनीवर टणकन वाजला.

ऊन समोरच्या भांड्यांच्या दुकानावर चढत गेलं. कोंडीराम चित्राकडे पाहायचं नाही असं ठरवायचा आणि पाहायचा. हलताना काहीच दिसायचं नाही. पण नजर काढून परत टाकली की सावली पुढे आलेली असायची. आधी डोकं. मग एका खांद्यावरून पुढे आलेली वेणी. मग मोबाईल धरायला उचललेले दोन कोपर. गिऱ्हाईक आलं, गुरुजींचा फोटो घेऊन गेलं. त्याच्या नजरेला चित्रात काही वेगळं दिसलं नाही. दिसणार तरी कसं? त्याने अंगण रिकामं पाहिलंच नव्हतं.

पलीकडच्या मशिदीत अजान झाली. भाजीवाल्यांनी दिवे लावले.

सावलीचं डोकं चित्रातल्या रंगुबाईच्या पावलांना टेकलं होतं.

"आली," कोंडीराम म्हणाला.

"व्हय. लागलं गार." तिचा तळहात चित्रातल्या पावलांवर होता. खालची, खरी पावलं स्टुलाखाली एकमेकांवर दाबून धरलेली.

त्याने गोंदात ब्रश बुडवला. "हात काढा, रंगुबाई. उलटं करतो."

तिने हात काढला नाही.

"चिकटवलं म्हंजी ती जायाची न्हाई, न्हवं?"

"न्हाई."

"सकाळीबी न्हाई?"

"कशी जाईल?"

बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. दिपाली आत आली. "झालं का? अगंबाई, अजून तसंच?"

रंगुबाईने तिच्याकडे तोंड वळवलं नाही. "सुकन्याचं कालेज सुटायचं. मी उंबऱ्यावर बसायची. गल्लीच्या तोंडाला चप्पल वाजली की कळायचं, आली. तेवढंच असायचं बग दिवसाचं." तिने चित्रातल्या उंबऱ्यावरून बोट फिरवलं. "कायमची हितं आनून बसवली, तर मंग यायची कुटनं? जाऊ दे तिला सकाळची. गोंद नगं, कोंडीराम."

"आत्या, अहो केडगावला नेताना सगळं विस्कटंल!" दिपाली म्हणाली. पण बोटाभोवतीची किल्ली फिरायची थांबली. सासूचा चेहरा तिने कधी असा पाहिला नसावा.

"न्हाई विस्कटायचं," कोंडीराम म्हणाला.

त्याने ब्रश धुतला. चित्राच्या चारी कडांना लाकडी पट्ट्या घट्ट बसवल्या, बोटभर उंच काठ काढला, ताटाला असतो तसा. वरून साडी बांधायला चार कोपऱ्यांना चार हुक ठोकले.

"हे लटकवायचं कसं?" दिपालीने विचारलं.

"लटकवायचं न्हाई. आडवं ठिवायचं. खाटेवर, हाताशी. पश्चिमेची खिडकी आसंल तर तिथं."

"आहे एक. स्वयंपाकघरात." तिने वितीने काठ मापला. "बघते, आत्यांची खाट तिथं बसते का."

वरच्या पट्टीवर मारायला त्याने सवयीने एक खिळा ओठांत धरला होता. तो काढून त्याने डब्यात परत टाकला. विचारलं काही नाही.

काठ लागल्यावर चित्र स्कूटीवर राहीना, म्हणून दिपालीने रिक्षा थांबवली. रंगुबाई आत बसली, चित्र मांडीवर आडवं. साडी अजून बांधली नव्हती. ती बांधू देत नव्हती. अंधार पडत आला होता.

"सांभाळून. लई खड्डे हायती," कोंडीराम रिक्षावाल्याला म्हणाला.

दिपाली स्कूटीवरून पुढे निघाली, मागे रिक्षा सुरू झाली. रंगुबाईने हाताने सीटवर चाचपलं आणि अंग चोरून, पाय जवळ ओढून ती एका कडेला सरकली. कुणी शेजारी बसायला आलं की सरकतो, तशी.