नासी लेमाकात गूळ

मी जुळवलेली लग्नं सांगितली तर तुम्हाला खोटी वाटतील. वाटू द्या. पण न जुळलेलं हे एक मात्र शब्दन् शब्द खरं आहे.

अंगद मलेशियाहून पाथर्डीकडच्या आमच्या गावात परतला, तेव्हा त्याची आई लंकाबाई गावभर सांगत सुटली, पोरगा तिकडं मोठ्या हॉटेलात आचारी होता म्हणून. शेजारच्या गावच्या काकासाहेबांची लेक धनश्री तेव्हा एकच हट्ट धरून बसली होती: ऊसतोडीला नेणारा नवरा नको. आमच्याकडं मजूर नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, आणि तिला कुणाचा अर्धा कोयता व्हायचं नव्हतं. आचारी म्हटल्यावर ती जरा नरमली.

"पन आधी रांधून दाखवू द्या," ती मला म्हणाली. "पोरीनं पोहे करायचे, तसं ह्या वेळी पोरानं करावं."

मध्यस्थ मी. अंगदला तिच्या घरी नेऊन चुलीपुढं बसवला. त्यानं केला नासी लेमाक. मलेशियात म्हणे सकाळी रस्त्यारस्त्यावर मिळतो: नारळाच्या दुधात मीठ घालून शिजवलेला भात, वर मिरचीचा लालभडक सांबाल, त्यात इवलेसे सुके मासे, बाजूला शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं. नारळ मोहट्याच्या देवीपुढचे, मासे म्हणून बाजारातली सुकट. ती तळली तेव्हा असा वास सुटला, की तिसगावकडं निघालेली एसटी माघारी वळली. ड्रायव्हरची शपथ आहे.

सांबाल उतरवून अंगद हात धुवायला गेला, आणि धनश्रीची आत्या दगडाबाई चुलीपाशी आली. पांढराशुभ्र भात, नारळाचा वास. चाखला तर खारट.

"अगं बया, पोरगा नारळीभातात गूळ घालायचा इसरला!"

होणाऱ्या जावयाची अब्रू वाचावी म्हणून तिनं गुळाची ढेप फोडून पातेल्यात घातली, वर वेलदोडा. धनश्री दारातून बघत होती.

अंगदनं झाकण काढलं. भात तांबूस. वाकून वास घेतला, आणि तसाच वाढायला लागला.

काकासाहेबांनी पहिला घास घेतला. गूळ, सुकट, मिरची, वेलदोडा. त्यांच्या आकडेबाज मिशा माझ्यादेखत सरळ झाल्या. पण परदेशी पदार्थ आपल्याला कळत नाही असं कोण म्हणणार?

"वा! पुन्याला खाल्लाय म्या. हुबेहूब असाच!"

धनश्रीचे चुलते म्हणाले, त्याहून भारी. मीही मान डोलावली. मध्यस्थाला जीभ असून चालत नाही.

धनश्रीनं विचारलं, "ह्यात गूळ घालत्यात?"

अंगदनं काकासाहेबांकडं पाहिलं. "व्हय. तिकडं गुळाबिगर घासच उतरत न्हाई."

"कवा घालत्यात?"

"तांदळाबरुबरच."

"आत्यानं तर आत्ता घातला. तुमी हात धूत हुता तवा."

दगडाबाईनं कपाळावर हात मारला. अंगदचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं: तो तिकडं हातमोज्यांच्या कारखान्यात खोकी उचलायचा. नासी लेमाक फाटकाबाहेरच्या बाईकडं रोज खायचा, तेवढाच त्याचा आचारीपणा.

"रोज खात हुता, मंग गूळ कळला न्हाई?" धनश्रीनं विचारलं.

"कळला की. पन मामा वा म्हनले, त्याच्यावर म्या काय बोलू?"

काकासाहेब एकदम खूश. "बघ पोरी! मोठ्यांचा शबुद खाली पडू देत न्हाई. जावई असावा तर असा!"

"अण्णा, एवढा गोड लागत आसंल तर तुमीच नांदा," धनश्री म्हणाली. "उद्या मुकादम म्हनला उसाच्या फडावर चल, तर हा त्यालाबी व्हय म्हनंल. आन् मोळ्या मला बांधायला लावील."

काकासाहेब पाणी पीत राहिले. मी चपला शोधल्या.

दिवाळी सरली, ट्रक भरून माणसं साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला निघाली. मुकादमानं अंगदला विचारलं, "जोडी हाय का?"

आणि अंगदला जन्मात पहिल्यांदा कुणापुढं तरी 'न्हाई' म्हणावं लागलं.