किलोचं माप

गोरेगावात कमलबाईच्या नानकटाईचं नाव होतं. वाळू घातलेल्या पातेल्यात चुलीवर भाजायची, अन् तोंडात टाकली की विरघळायची. "दोन मापं मैदा, एक माप पिठीसाखर, किलोभर तूप," एवढंच तिचं गणित. माप म्हणजे घरातलं पितळेचं. त्याला सगळे किलोचं माप म्हणत.

मग तिच्या बचत गटाला धम्मानंद गुरुजींच्या पोरीच्या साखरपुड्याची दहा किलोंची ऑर्डर आली. भाजायचं ठरलं हिंगोलीच्या बेकरीत. बेकरीवाला म्हणाला, "माप-बिप न्हाई, वजनात लिहून द्या." कमलबाईची सून संध्या बारावी शिकलेली. तिनं ताठ मानेनं लिहून दिलं: दोन किलो मैदा, एक किलो साखर, एक किलो तूप, अन् हेच अडीचपट. किलोचं माप म्हटल्यावर किलोच की! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

बेकरीत पिठाचा गोळाच होईना, म्हणून कारागिरानं वरून दूध ओतलं. नानकटाई अशी कडक निघाली की साखरपुड्यात लोकांनी ती चहात बुडवून चघळली. गटाच्या बैठकीत अध्यक्ष शिला म्हणाली, "कमलबाई, असं काहून झालं?"

कमलबाईनं मान खाली घातली. "मीच काई सांगायचं इसरले असंन."

"आत्याचं डोकं आता पयल्यासारखं चालत न्हाई," संध्या बोलून गेली. सासूला ती आत्या म्हणायची. तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं.

आठवड्यानं गटाचा वजनकाटा घरी आला, तेव्हा सहज म्हणून संध्यानं ते माप मैद्यानं भरून तोललं. सातशे ग्रॅम! पुन्हा भरलं. तेवढंच. मग ज्वारी भरली, तर बराबर एक किलो. ते माप किलोचं होतं, पण ज्वारीच्या किलोचं. तिनं लिहिलेल्या वजनात मैदा जास्त गेला होता, अन् तूप तेवढंच राहिलं होतं.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण शिकलेल्या सुनेची जीभ जड झाली. इकडे कमलबाई भाजीत मीठ टाकायची अन् विचारायची, "टाकलं का गं मी?" दाराला कडी घालून दोनदा परतायची. संध्याला भाकर गोड लागेना. खरं म्हणजे लाज वाटत होती तिला, दुसरं कारण नव्हतं. पाच दिवस ती गप्प राहिली.

सहाव्या दिवशी संध्याचा नवरा प्रेमानंद म्हणाला, "आईला हिंगोलीला डाक्टरला दाखवू. इसरून राहिली लई."

कमलबाई धुवट लुगडं नेसून जीपच्या थांब्यावर आली. तिचे ओठ हलत होते. संध्यानं कान दिला, तर म्हातारी पुटपुटत होती, "आज गुरवार. गाव गोरेगाव. पोराचं नाव प्रेमानंद..."

"आत्या, हे काय करून राहिल्या?"

"डाक्टर इचारतात म्हने. चुकले तं कुठं ठेवतील गं मला?"

संध्याला हुंदकाच फुटला. "तुमी काई इसरल्या न्हाईत. मीच चुकले. माप भरून मैदा सातशेच ग्रॅम भरतो. मी किलो लिवला. पाच दिस झाले मला कळून."

"म्हंजे मी इसरले न्हाई?"

"न्हाई आत्या."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. पोराला म्हणाली, "जीप जाऊ दे." मग सुनेकडे वळली, अन् आवाज चढला. "पाच दिस मी मीठ टाकलं का म्हून इचारत व्हते, आज पोटच्या पोराचं नाव पाठ करत व्हते गं! अन् तू बघत व्हतीस?"

संध्या पाया पडायला वाकली. कमलबाईनं पाय मागे घेतले.

"माझ्या पाया कशाला पडती? माझं डोकं गेलं म्हून चारचौघीत बोललीस ना? चल शिलाच्या घरी. सगळ्यायला बोलाव, अन् तितंच सांग."

संध्या पुढे झाली. मागून कमलबाई यायला लागली, तिनं सांगितलेलं स्वतःच्या कानानं ऐकायला.