डबक्याचे भिंग

मी एक जुना वस्तरा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला वस्तरा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गळा काढतात. अडगळीत पडलो, गंज चढला, कोणी विचारेना. अहो, मला अडगळ मिळाली असती तर मी सुखाने पडून राहिलो असतो! माझ्या वाट्याला आले ते लक्ष. नको तितके लक्ष, आणि तेही भिंगातून.

माझा जन्म जर्मनीतल्या, सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध सोलिंगेनचा, वुपर नदीच्या काठचा. एवाल्ड श्टाइनहाउस नावाच्या तरुण कारागिराने काम शिकून झाल्यावर स्वतःसाठी केलेला पहिला वस्तरा म्हणजे मी. त्याने मला इतके पातळ घासले की नखावर दाबले तर माझे पाते लवते आणि बारीक किणकिणते. मला चकाकी दिली हानेलोरेने. ती शेजारच्या कारखान्यात पात्यांना झिलई द्यायची. माझ्या पात्यात दिसलेले त्याचे तोंड बघून ती लग्नाला तयार झाली, असे एवाल्ड सांगतो. ती म्हणते, त्या पात्यात तिचेच तोंड दिसत होते आणि म्हणूनच ते इतके छान होते.

आमच्या गल्लीत वस्तऱ्याला धार आहे का, असे कोणी विचारत नाही. ‘बोलतो का?’ असे विचारतात. अंगठ्याचे पेर ओले करून धारेवर अलगद टेकवायचे. नीट लागलेली धार कातडीला किंचित धरते, तेच तिचे बोलणे. एवाल्डचा अंगठा या कामी गावात नावाजलेला. भले भले कारागीर आपले वस्तरे घेऊन त्याच्याकडे यायचे. लग्नानंतर एकदा हानेलोरेनेही हौसेने अंगठा पुढे केला होता. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने एवाल्ड हसला.

“तू चकाकी दे बाई,” तो म्हणाला. “धार बायकांशी बोलत नाही.”

त्या दिवशी माझ्या पाठीवरून तिचे फडके असे काही फिरले की मला अजून आठवते.

पुढची वर्षे मात्र मजेत गेली. दर शनिवारी मी एवाल्डच्या गालावरून गात जायचो. त्याची दाढी पांढरी झाली, त्याने काम सोडले, तरी आमचा शनिवार चुकला नाही. मग दोन हिवाळ्यांपूर्वी एक विचित्र प्रकार सुरू झाला. तो अंगठा माझ्यावर टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा, आणि त्याचा चेहरा पडायचा. मी बोलत होतो, मित्रांनो! चांगला खणखणीत बोलत होतो. आणि हा मला मुका समजून पुन्हा दगडावर घासायला घ्यायचा. माझा संताप संताप व्हायचा.

एक दिवस तो बस पकडून शेजारच्या शहरात गेला, भिंगांच्या दुकानात. आमच्या गावात तसले दुकान नव्हते असे नाही, पण तिथे त्याला सगळे ओळखतात.

“काय बघायचंय साहेब?” दुकानदाराने विचारले.

“टपाल तिकिटं,” एवाल्ड म्हणाला.

जन्मभर वस्तरे पाजळलेल्या सोलिंगेनच्या माणसाला धार बघायला भिंग लागते, हे कबूल करण्यापेक्षा त्याला खोटे बोलणे परवडले. मिळाले अर्थात तिकिटांचेच भिंग. त्यातून माझी नुसती चमक दिसायची. मग त्याने संगणकाला जोडायचा एक सूक्ष्मदर्शक मागवला, खोक्यावरचा ‘इतक्या पट मोठे दिसते’ असा भलामोठा आकडा वाचून. त्याच्या पडद्यावर मी स्वतःला बघितले. जी धार गालावरून लोण्यासारखी जाते, ती तिथे पडक्या गढीसारखी दिसत होती. दगड म्हटला की ओरखडे आलेच. ते असतात, आणि त्यांनी काही बिघडत नाही. हे एवाल्डला माहीत नव्हते का? पण डोळ्यांसमोर एवढाले चर दिसले की माणसाची अक्कल गहाण पडते. तो ओरखडे पुसायला बसला. घासून घासून धार कागदासारखी झाली आणि तुटली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्या अंगातले पोलाद दगडावरच्या काळ्या पाण्यातून वाहून जात होते, आणि हा गृहस्थ पडद्याकडे बघत होता.

तरीही समाधान नाही म्हणून स्वारी पुन्हा दुकानात.

“आता काय बघायचंय?”

“डबक्यातलं पाणी,” एवाल्ड म्हणाला. “त्यातले किडे.”

दुकानदार बिचारा सरळ माणूस. त्याने किड्यांसाठी उत्तम असा जड सूक्ष्मदर्शक दिला. दिवा खालून, आणि भिंग वस्तूला जवळजवळ टेकणारे. पाण्याच्या थेंबातून खालचा उजेड वर येतो. पोलादातून कसा येणार? मी त्यात नुसता काळा ठिक्कर दिसलो. एवाल्डने नीट दिसावे म्हणून भिंग खाली घेतले. आणखी खाली घेतले. टक्!

माझ्या धारेचा टवका उडाला. इतक्या वर्षांत एकाही दाढीने जे केले नव्हते, ते त्या डबक्याच्या भिंगाने केले.

नेमकी तेव्हाच हानेलोरे त्याला कॉफीला बोलवायला आत आली. त्याने घाईघाईने मला उचलले आणि टवका कुठे आहे ते अंगठ्याने चाचपू लागला. माझी फुटकी कड त्याच्या पेरात रुतली. तिनेच झळाळी दिलेल्या माझ्या पाठीवरून रक्त ओघळले आणि खालच्या काचेवर टपटपले. एवाल्ड शांतपणे अंगठा फिरवतच होता.

“एवाल्ड, रक्त!”

“कुठे?” तो म्हणाला.

“कुठे काय कुठे! तुझ्या अंगठ्याला! अरे, तुला कळलं नाही?”

त्याने अंगठा उजेडात धरला. मग म्हणाला, “दोन हिवाळे झाले. पेराला काही कळतच नाही. डॉक्टर म्हणतो, साखरेमुळे.”

“डॉक्टरला सांगितलंस. आणि मला?”

“तुला काय सांगायचं...”

“दुकानदाराला तिकिटं सांगितलीस, किडे सांगितलेस, पावत्यांवर वाचलंय मी! घरात माझे दोन धडधाकट अंगठे भांडी घासतायत, त्यांना विचारावंसं नाही वाटलं?”

“हानेलोरे, धार ही—”

“बायकांशी बोलत नाही. ऐकलंय मी ते. हात दे इकडे आधी, पट्टी बांधते. मग तो वस्तरा दे.”

मित्रांनो, तोवर मला वाटत होते की माझ्याइतके रागावलेले या घरात कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी डबक्याचे भिंग बगलेत मारून ती स्वतः दुकानात गेली आणि म्हणाली, “वस्तऱ्याची धार बघायची आहे.” दुकानदाराने कपाळाला हात लावला. “मग आधीच का नाही सांगितलं, बाई?” त्याने दिलेला सूक्ष्मदर्शक निम्म्या ताकदीचा आहे. दिवा बाजूला, आणि भिंग व धार यांच्यामध्ये हात घालता येईल एवढी जागा.

एवाल्डने टवका घासून काढला. मी आता इतका अरुंद झालो आहे की आणखी एक टवका मला परवडणार नाही. त्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही. मला तेल लावा, कोरडे ठेवा, हे तर कोणीही सांगेल. माझे सांगणे वेगळे आहे. दुकानात गेलात तर खरे काय बघायचे आहे ते सांगा. आणि दुकानात जायच्या आधी घरात सांगा, कारण तुमच्या लपवाछपवीत झिजणारा भलताच कोणीतरी असतो.

शनिवारी एवाल्डने मला भिंगाखाली धरून बघितले, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवले आणि मुकाट्याने हानेलोरेपुढे केले. तिने अंगठा ओला केला. माझ्यावर टेकवला. मुद्दाम वेळ लावला.

“बोलतो का?” एवाल्डने विचारले. आयुष्यात पहिल्यांदा, तिला.

“बोलतो तर,” ती म्हणाली. “तुझ्याबद्दल काही चांगलं बोलत नाहीये.”