ओठांतल्या टाचण्या

"फोटो झकास आहे, पण ही बाई कापून टाका," व्यवस्थापक म्हणाला.

नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर लावायला मी काढलेले फोटो त्याच्या टेबलावर पसरले होते, आणि त्याचं बोट नेमकं माझ्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यावर होतं.

"कपडे चढवणारी आहे ती. लोक नायिकेला बघायला येतात. तुमच्या तर हातचा मळ आहे हा."

मी फोटो गोळा केले. मी गप्प बसले की घरचे सावध होतात. या बिचाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

नाटकाचे फोटो काढायची एक ठरलेली रीत आहे. प्रयोगाआधी सगळे दिवे लावायचे, नायकाने हात उगारून थिजायचं, बाकीच्यांनी ओळीने उभं राहायचं, मी खटाखट फोटो काढून घरी जायचं. वर्षानुवर्षं असले भुसा भरलेले चेहरे काढून मला त्यांचा वीट आला. शेवटी आवाज होऊ नये म्हणून कॅमेरा जुन्या स्वेटरात गुंडाळला आणि चालू प्रयोगात विंगेत जाऊन उभी राहिले.

तिथे ताई होती. दुसऱ्या अंकात नायिका रडत आत येते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नवरीच्या पोशाखात बाहेर जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आत मिट्ट काळोखात ताई असते, ओठांत टाचण्या धरून, बोटांनी हूक चाचपत. दिवा लावायची सोय नाही, फ्लॅशचं तर नावच नको. एवढंच, की नायक दार ढकलून रंगमंचावर जातो तेव्हा उजेडाची एक पट्टी विंगेत येते आणि लगेच जाते. त्या पट्टीसाठी मी कितीतरी प्रयोग तिष्ठत राहिले. कधी नायकच आडवा यायचा, कधी माझा हात हलायचा.

"पायात येऊ नकोस गं," ताई कुजबुजायची. "माझा फोटो काढून काय लोणचं घालणारेस?"

एकदा मात्र साधलं. नायिकेचा चेहरा, तिची उघडी पाठ, आणि पाठीमागे ताई. ओठांत टाचण्या, डोळे मिटलेले, कारण सगळं बोटांना दिसत होतं.

आणि आता ताईलाच नारळ मिळाला होता. नव्या पोशाखांना हूक नाहीत, चिकटपट्टी आहे, नायिका स्वतःच बदलेल म्हणे. ज्या दिवशी फोटो लागणार, त्याच दिवशी ताईचा शेवटचा प्रयोग.

घरी मी तिला व्यवस्थापकाचं बोलणं सांगितलं.

"मग काप की," ती म्हणाली. "भांडत बसू नकोस. तुझं काम जाईल."

"जाऊ दे."

ती भाजी निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "डोळे मिटलेलेच आलेत का गं? उघड्या डोळ्यांचा एखादा नव्हता?"

मला रडूच आलं. मग राग आला, आणि रागाच्या भरातच मी तो फोटो कापला.

प्रयोगाच्या संध्याकाळी व्यवस्थापक भिंतीसमोर आला आणि थबकला. फोटोत नायिकेचा चेहरा नव्हता. राहिली होती तिची पाठ, आणि भिंतभर ताई.

"मी कापायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कापलं की. जेवढं जास्तीचं होतं तेवढं."

"काढा तो."

"काढायचा तर माझे सगळे काढेन. ठेवा भिंत कोरी."

लोक आत येऊ लागले होते. नायिका अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याने डोकावली, फोटो बघत राहिली आणि व्यवस्थापकाला म्हणाली, "पाठ माझी आहे. माझी काही हरकत नाही."

तो पाय आपटत निघून गेला. मला पुन्हा बोलावणार नाही, हे मला कळलं. नाही बोलावलं तर नाही.

इतक्यात ताई आली. अंधारात दिसू नये म्हणून घालतात तो काळा पोशाख अंगात, टाचण्यांची डबी हातात. ती फोटोसमोर उभी राहिली. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "कोण हो या?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मी."

घंटा झाली. ताईने डबीतल्या टाचण्या एकेक करून ओठांत धरल्या आणि ती विंगेत निघून गेली.