खुंटीवरचं सोडण

“नुसतं सोडण आहे गं ती. हलवून पाहिलं, आत पाण्याचा आवाजच नाही.”

ओटीवर तांदूळ निवडता निवडता कृष्णाबाई शेजारच्या फिलोमिनाला आपल्या नव्या सुनेबद्दल सांगत होत्या. सून, विमला, आत मोरीपाशी तवा घासत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. तिच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेलं मी. आम्ही दोघांनी ऐकलं.

मी नारळाचंच सोडण बोलतंय, वरची जाड साल आणि आत पोकळी. नंदाखाल गावच्या याच वाडीतल्या माडाचं. माझ्या आत खोबरं धरलं नाही, म्हणून मला कुणी सोललंच नाही. माझ्या भावंडांना कामं मिळाली. कुणी भांडी घासली, कुणी शेजारून विस्तव आणला, कुणी गोठ्यात धुमसून डास हाकलले, कुणी केळीच्या खड्ड्यात ओल धरून बसलं. उरलेल्यांचा काथ्या झाला, काथ्याचा सुंभ. माणसं सोडण वाया घालवत नाहीत. नावं ठेवायलासुद्धा वापरतात.

विमलाचे सासरे नरहरी. त्यांनी मला आणि माझ्यासारख्याच एका पोकळ नारळाला सुंभानं जोडलं होतं, सात वर्षांच्या लेकीला, प्रेमाला, पोहायला शिकवायला. मधल्या दोरीवर छाती टेकवून ती वाडीतल्या तळ्यात, बावखलात, पाय झाडायची. “बाबा, सोडा! सोडू नका!” दोन्ही एका दमात.

त्रेचाळीसच्या श्रावणात रॉकेल मिळेना, लाकडं ओली. एका सकाळी कृष्णाबाईंनी कोयत्यानं सुंभ तोडला आणि माझा जोडीदार चुलीत घातला. “दुपारी दुसरा बांधू,” म्हणाल्या. ऐकायला मी एकटंच होतं. पेज छान शिजली.

दुपारच्या आधीच प्रेमा मला एकट्याला घेऊन पाण्यात उतरली. एकटा नारळ हाताखाली गरगरतो, धरता येत नाही. मी तरंगत राहिलं. ती नाही.

“माझी गाठ सुटली,” नरहरी म्हणाले. दुसरा नारळ भरल्या बावखलातून वाहून गेला असेल, असं सगळ्यांनी धरलं. कृष्णाबाई काही बोलल्या नाहीत.

सहा वर्षं झाली. नरहरी केळीच्या झाडाला टेकूसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेतात. मला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कृष्णाबाई मात्र दर उन्हाळ्यात मला ऊन दाखवतात, पुसतात, टांगतात. जाळायला त्यांचा हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात जळमटं काढताना विमलानं मला खाली घेतलं. सुटलेल्या गाठीची गोष्ट तिनं या घरात आल्यावर ऐकलीच होती. सुंभाचं टोक बराच वेळ बोटांत धरलं. कुजून तुटलेला सुंभ पिंजतो. हे टोक सरळ होतं. आणि गाठ माझ्या कमरेला अजून घट्ट. तिनं मला जिथल्या तिथं टांगलं. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

आज फिलोमिना दोन सुके नारळ घेऊनच आली होती. नरहरी वाडीतून आले तशी म्हणाली, “भाऊ, आमच्या मेरीला पोहायला बांधून द्या ना. तुमच्यासारखी गाठ आगाशीपर्यंत कुणाला येत नाही.”

“माझ्या हातची गाठ नको, बाय. एक पोर गेली तिच्यापायी.”

कृष्णाबाईंचं सूप थांबलं. मग पुन्हा हलू लागलं.

मला वाटलं, आता तरी मला जाळा, केळीखाली पुरा. साक्षीला टांगून ठेवू नका.

विमलानं हात धुतले. मला खुंटीवरून काढलं, ओटीवर आणलं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. सासूकडे तिनं पाहिलं नाही.

“मामंजी, गाठ बघा. ती सुटलेली नाही.”